गच्चीवरच्या चुलीची बारी

३ डिसेंबर, मंगळवार

आज पण नळाला थंडच! माकडांनी गच्चीवरच्या सोलरच्या काचेच्या नळ्या फोडल्या त्याला आठवडा होत आला. बसवकल्याणात ह्या वर्षी थंडी अशी, की पहिला तांब्या अंगावर घेतला अन् ओरडलेच. ओरडून काय उपयोग? ऐकायला घरात हाय कोण!

मेकॅनिक प्रशांतकुमारला फोन लावला. "नळ्या हैदराबादहून यायल्यात सिस्टर, उद्या बसवतो." रिटायर झाले तरी अख्खी बिल्डिंग मला सिस्टरच म्हणते. म्हणू दे. सुमन म्हणणारा माणूस गेला, आता सिस्टर तर सिस्टर.

५ डिसेंबर

प्रशांतकुमारचा 'उद्या' काही उगवला न्हाई.

६ डिसेंबर

पांढरं पातळ नेसले. बाबासाहेबांच्या फोटोपुढं मेणबत्ती लावली, एकटीनंच वंदना म्हटली. मंठाळला असते तर विहारात सगळ्या बायांसंगं बसले असते.

वंदनेआधी उठून दार लावून घेतलं. कामून लावलं? कुणी काही म्हणालं न्हवतं. उघडं ठेवायला पाहिजे होतं.

८ डिसेंबर, रविवार

जिन्याखाली मीटिंग. बाथरूमला गिझरचे पॉइंटच न्हाईत, बिल्डरनं सोलरच्या भरवशावर ठेवलं सगळं. गॅसवर तापवावं तर सिलिंडर पुरत न्हाई. शेवटी सेक्रेटरी भीमण्णानं डोकं लढवलं. बिल्डरच्या जुन्या फळ्या गच्चीवर सडायल्यातच — चूल मांडायची, त्याच्या घरचा मोठा हंडा ठेवायचा, रोज एका घरानं पाणी तापवायचं, बाकीच्यांनी बादल्या भरून न्यायच्या. सहा घरं, सहा बाऱ्या. माझी पहिली बारी गुरुवारी, मग दर सहा दिवसांनी.

सगळ्यांना पटलं. मला तर लईच!

१० डिसेंबर

आज चन्नव्वाक्काची बारी. माझ्या समोरचंच दार तिचं. लेकी लग्न होऊन गेल्या, नवरा शेताकडंच असतो, म्हणजे ती पण तशी एकटीच. तोंडानं फटकळ, पण बोलते तरी! "या सिस्टर, भरभर न्या, निवायलंय." मी तांब्या घेऊन हंड्यापाशी गेले तर मला बुडवू दिला न्हाई, तिनंच वरून बादलीत ओतलं. वयाचा मान ठेवायलीय, वाटलं.

पाण्याला धुराचा वास. किती वर्षांनी! गच्चीवर सगळे शाली गुंडाळून, पोरं चुलीपुढं हात शेकायलेली. सकाळी चार माणसांशी बोललं की दिवस बरा जातो.

१२ डिसेंबर, गुरुवार

माझी बारी.

अंधारातच गच्चीवर गेले तर हंडाच न्हाई! भीमण्णा म्हणाला, "गळायलाय सिस्टर, डाग द्यायला दिलाय." म्हटलं, बरं. घरातला माझा हंडा चिंच लावून घासला, वर नेला, फळ्या फोडल्या, फुंकून फुंकून डोळे लाल. पाणी असं कडकडीत तापलं!

कुणीच येईना. मग मीच दारोदार गेले — पाणी तापलंय, या!

भीमण्णाला सर्दी. त्याच्या वरच्या मास्तरला डॉक्टरनं थंड पाण्यानंच न्हायला सांगितलंय, आजपासून! दोघांनी गॅसवर तापवून घेतलेलं. चन्नव्वाक्का दारातच म्हणाली, "लेकीकडं जायलेय, तिथंच न्हाते."

पाच दारं, पाच कारणं. मी परत वर गेले अन् चुलीपुढं बसून राहिले. मग चादरी भिजवल्या, स्वेटर धुतला, दोनदा न्हाले. तरी उरलं. ओतून दिलं.

दुपारभर समोरच्या घरात टीव्ही चालू होता. चन्नव्वाक्का कुठं गेलीच न्हाई.

१३ डिसेंबर

आज मास्तरची बारी. भीमण्णाचा हंडा चुलीवर हजर! चारी बाजूंनी बघितला. डाग कुठं दिसला न्हाई.

बादली घेऊन तशीच खाली आले. चन्नव्वाक्कानं त्या दिवशी वरून कामून ओतलं ते आज कळलं. मान म्हणे! ह्या वयाला येऊन मला कळू नये? कळत होतं. कळून घ्यायचं न्हवतं.

१५ डिसेंबर

थंड पाणी. कुणाशी बोलले न्हाई. भाजी आणली न्हाई. वरण-भात.

१८ डिसेंबर, बुधवार

परत माझी बारी. हंडा परत 'गळायलाय'! जाऊ नये असं ठरवलं होतं, तरी गेले, पेटवली चूल. मी कामून माझी बारी सोडू? ह्या वेळी दारोदार मात्र गेले न्हाई. सूर्य डोक्यावर येईपर्यंत बसले. बादली एक पण आली न्हाई.

मंठाळच्या दवाखान्यात जन्म गेला माझा. ह्या बिल्डिंगवाल्यांच्याच नात्यागोत्यातली लेकरं पहिल्यांदा ह्या हातांनी न्हाली. तव्हा रडत-भेकत यायचे, सिस्टर लवकर चला, सिस्टर लवकर चला! हात कुणाचा, कुणी विचारलं का? अन् गच्चीवरच्या टाकीची मोटर दोन वर्षं रोज मीच चालू करते की! नळातून आलं की गोड लागतं. माझ्या हंड्यातनं आलं की सर्दी होते!

अन् आम्ही राहायलोय कुठं, तर माणसामाणसात भेद न मानणाऱ्या बसवण्णांच्या गावात. वा रे वा!

रडले. लिहायला लाज कसली.

१९ डिसेंबर

रत्नपालचा पुण्याहून फोन. मी काही सांगितलं न्हाई, पण आवाजावरून ओळखलं त्यानं. "आई, कामून एकटी मरायलीस तिथं? विकून टाक, ये इकडं." गिऱ्हाईक हाय म्हणे त्याच्या ओळखीचं. मंगळवारी सकाळी बघायला येणार. हो म्हणून बसले.

फोन ठेवला अन् दाराबाहेर जाऊन माझ्या नावाची पाटी बघत उभी राहिले. माझ्या आईनं जन्म काढला गावाबाहेरच्या एका खोलीत. आमच्या खानदानात बाईच्या नावावरचं हे पहिलं घर. पण घराशी बोलायचं तरी किती?

२१ डिसेंबर, शनिवार

आला एकदाचा प्रशांतकुमार! नळ्या बसवल्या. संध्याकाळी नळाला गरम पाणी. पोरं जिन्यात नाचायलेली. भीमण्णा हसून म्हणाला, "सुटलो बघा सिस्टर, आता बारी न्हाई, चूल न्हाई!"

खरंच सुटले सगळे. तोंडावर दिसत होतं.

२२ डिसेंबर

जिन्यात चन्नव्वाक्का भेटली. "ऐकलं, घर विकायलात? कामून ओ? इतक्या दिवसाचा शेजार..."

शेजार! माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "अक्का, त्या दिवशी लेकीकडं गेला न्हवता तुम्ही."

तिनं पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली. मी म्हटलं, "सर्दी भीमण्णाला झाली, तुम्हाला काय झालं होतं? माझ्याकडं बघून सांगा. पाण्याला काय झालं होतं?"

 एवढी फटकळ बाई, पण खाली बघत पायऱ्या चढून गेली. मी पिठाच्या गिरणीपर्यंत गेले अन् डबा घरीच राहिला हे तिथं कळलं.  पण बोलले! साठ वर्षांत असं कुणाला पहिल्यांदाच बोलले.

२३ डिसेंबर

उद्या लोक यायचेत. घर झाडलं, खिडक्या पुसल्या. बाबासाहेबांचा फोटो तेवढा काढून ठेव म्हणाला रत्नपाल, गिऱ्हाईक कसं असेल काय माहीत. न्हाई काढला.

२४ डिसेंबर, मंगळवार

सकाळी दार वाजलं. गिऱ्हाईक इतक्या लवकर कसं, म्हणून उघडलं तर चन्नव्वाक्का. केस सोडलेले, हातात रिकामी बादली.

"आज तुमची बारी की."

म्हटलं, "अक्का, नळाला गरम पाणी हाय तुमच्या."

"हाय."

"मग? मी चूल पेटवलेली न्हाई."

"तर पेटवा. मी बसते."

मी लगेच हो म्हटलं न्हाई. तशीच उभी ठेवली तिला दारात. ती पण हलली न्हाई. मग हंडा काढला, अन् तिलाच म्हटलं, "फळ्या तुम्ही उचला." उचलल्या! धापा टाकत उचलल्या. पाणी तापल्यावर मी ओतायला गेले तर म्हणाली, "थांबा," अन् तिनं स्वतः माझ्या हंड्यात तांब्या बुडवला. भीमण्णाची बायको वाळवण टाकायला आलेली, ती बघतच राहिली.

खाली माझ्या दाराची बेल वाजली. मग परत. मग फोन वाजला. आम्ही दोघी चुलीपुढं होतो. मी उठले न्हाई.