नऊ मिनिटांचा गडी

पुणे
५ ऑगस्ट २०२४

ती. स्व. इंद्रायणीआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझे कान आता कसे आहेत? मागच्या रविवारी फोनवर मी इतकी ओरडले की शेजारच्या खोलीतल्या मुली धावत आल्या, आणि तू मात्र जेवण झालं का एवढंच विचारत राहिलीस. म्हणून आता पत्र. तुला वाचायला आवडतं आणि मला तुझं अक्षर बघायला आवडतं, तेव्हा कानांचं फार वाईट वाटून घ्यायला नको.

तीर्थपुरीत तू सगळ्यांना सांगतेस म्हणे, की आमची प्रांजली कंपनीत चेंडू खेळते. मी खेळत नाही गं. परदेशातल्या एका व्यावसायिक बास्केटबॉल संघासाठी आमची कंपनी आकडे वाचते. दोन्हीकडे पाच-पाच गडी, चाळीस मिनिटांचा खेळ, चेंडू उंचावरच्या कड्यात टाकायचा. कोणी किती वेळा चेंडू घेतला, कुणाला दिला, कुठून टाकला, सगळ्याची नोंद होते. आता त्या संघाचा एकवीस नंबरचा गडी गुडघ्यापायी निवृत्त झाला आहे. तसाच खेळणारा दुसरा कोण, हे आकड्यांवरून शोधायचं काम माझ्याकडे आलं.

मी दहा जणांची यादी दिली. आमचे साहेब राधेश्याम सर यांनी ती मिनिटभर पाहिली आणि म्हणाले की अशी यादी पेपर वाचणारा कोणीही करेल. एकवीससारखा खेळणारा मागितला होता, तू सगळे नावाजलेले उचलून आणलेस. दहा सप्टेंबरपर्यंत नवी यादी हवी आहे. त्याच दिवशी माझं सहा महिन्यांचं प्रोबेशन संपतं, म्हणजे मला ठेवायचं की नाही हे त्या यादीवरच ठरणार. बाबा म्हणतात की नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात टायपिंगची जागा आहे, सरळ निघून ये. ते काम मला हलकं वाटत नाही, पण हे सुटलं तर मला फार लागेल. गुण, झेल, पास, सगळ्यांच्या बेरजा मी तीनदा तपासल्या. चूक कुठे आहे तेच सापडत नाही.

घरी कचरूमामांना नमस्कार. माझ्यावरची माया कमी करू नकोस, सध्या तिचीच गरज आहे.

तुझी,
प्रांजली

०

तीर्थपुरी
१३ ऑगस्ट २०२४

चि. प्रांजलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. चार वेळा वाचलं. एकदा तुझ्या मामांनाही वाचून दाखवलं, त्यांनी विचारलं की चेंडू कड्यात टाकून खाली पडू द्यायचा असेल तर टाकायचाच कशाला. याचं उत्तर तूच दे.

कानांचं विचारू नको, बाया माझ्या मागून बोलतात ते ऐकू येत नाही हा मोठा आराम आहे. सध्या सर्जेरावांच्या सीड प्लॉटमधी कपाशीची भेसळ काढणं सुरू आहे. बियाण्यासाठी लावलेल्या वाणात दुसऱ्या जातीचं झाड आलं की ते ओळखून उपटायचं, नाही तर सगळं बी नापास. आता ओळीच्या पुढं मी चालते आणि मागं सात बाया. पण पहिल्या वर्षी मी काय केलं होतं ते तुला कधी सांगितलं नाही, कारण लाज वाटत होती.

बांधालगतच्या चार ओळी खुरटलेल्या होत्या. मला वाटलं, ही झाडं वेगळी, म्हणजे भेसळ. दुपारपर्यंत सगळी उपटून ढीग लावला. मधल्या ओळीत एक झाड छातीपर्यंत आलेलं, काळंभोर, पाहत राहावं असं. त्याला हात लावला नाही. संध्याकाळी चांगुणाबाई आली. तेव्हा ती आमची म्होरकी. तिनं ते देखणं झाड पहिलं उपटलं आणि मला ढिगापाशी बसवलं. म्हणाली की पोरी, झाड केवढं हाय ते न्हाई पाहायचं, झाड कसं हाय ते पाहायचं. बांधाकडच्याला कडूलिंबाची सावली, मुळाला खडक, त्याला खायलाच भेटलं न्हाई. पण पहिली फांदी कितव्या पेराला फुटली मोज, पानावरची लव बघ, पाकळीच्या बुडाचा ठिपका बघ. मोजलं. मधल्या झाडांशी बराबर जुळलं. सगळी आपल्याच वाणाची होती आणि मी त्यांचा ढीग घातला होता. मालक डोक्याला हात लावून बसला.

तुझ्या खेळातलं मला बिलकुल कळत नाही. पण तुझी यादी वाचून तो ढीग आठवला, एवढं खरं. तुझ्या गड्यांना सगळ्यांना सारखं खायला भेटतं का, ते आधी बघ.

जेवत जा. आशीर्वाद कायमचे आहेत, पत्रात लिहायचे म्हणून नाहीत.

तुझी,
आत्या

०

पुणे
२६ ऑगस्ट २०२४

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि तशीच ऑफिसात गेले, चहासुद्धा घेतला नाही. आत्या, मी बेरजा करत होते. एकवीस नंबरचा गडी एका सामन्यात चौतीस मिनिटं मैदानात असायचा. जो चौतीस मिनिटं खेळतो त्याचे सगळेच आकडे मोठे होतात. मी त्याच्यासारखे खेळणारे शोधत नव्हते, त्याच्याइतकं खायला मिळालेले शोधत होते. तुझं ते देखणं झाड मी दहा वेळा निवडलं होतं.

आता सगळं पुन्हा केलं. शंभर वेळा चेंडू हातात आला तर किती वेळा कड्याकडे टाकतो, किती वेळा लगेच सोबत्याला देतो, किती वेळा धरून ठेवतो, जवळून टाकतो की लांबून. एकवीसचा खरा गुण त्याच्या गुणसंख्येत नव्हताच. तो चेंडू जराही रेंगाळू देत नाही, आणि समोरच्याच्या वाटेत नुसता उभा राहून आपल्या सोबत्याला मोकळी जागा करून देतो. अशी बारा मापं घेऊन प्रत्येक गडी त्याच्यापासून किती लांब आहे ते मोजलं.

सगळ्यात जवळ कोण आला माहीत आहे? तळाच्या संघातला राखीव गडी. सामन्याला नऊ मिनिटं खेळतो, बाकी वेळ बाकावर. वय एकतीस. त्याचं नाव आमच्या ऑफिसात कुणी ऐकलेलं नाही. आता माझी हिंमत होत नाही. नऊ मिनिटं म्हणजे फार थोडं, योगायोगानेही आकडे जुळले असतील. यादीत सगळ्यात वर बाकावरचा माणूस लिहिला आणि चुकले, तर मला हसत हसत घरी पाठवतील. त्याला पाचवा-सहावा टाकावा आणि वर दोन नावाजलेले ठेवावेत असं मनात येतं. तू काय करशील?

लवकर लिही. तुझा हात माझ्या पाठीवर आहे असं धरूनच बसले आहे.

तुझी,
प्रांजली

०

तीर्थपुरी
३१ ऑगस्ट २०२४

चि. प्रांजलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

जल्दी पोचावं म्हणून मामांना स्पीड पोस्ट करायला पाठवते आहे, म्हणून थोडक्यात.

आम्ही एका फेरीवर कधीच विश्वास ठेवत नाही. तीनदा फिरतो: फुलाच्या आधी, फुलात, बोंडं धरल्यावर. तिन्ही वेळा झाड तेच सांगत असेल तर ते खरं. तुझ्या गड्याच्या मागच्या सालांच्या नोंदी असतीलच. बघ. वेगळं निघालं तर सोड. तेच निघालं तर वर लिही. लोक हसतील म्हणून झाडाची जात बदलत नसते.

आणखी एक. तू नववीत गणितात नापास झालीस ते वर्ष. तुझे आई-बाबा एमआयडीसीत, बाबा रोलिंग मिलमधी बारा-बारा तास, तू नवीनच माझ्याकडं आलेली आणि आठवण काढून रडायचीस. तुझा बाबा भारत आल्ता तुझं दप्तर गुंडाळायला. म्हणाला की पोरीचं डोकं न्हाई चालत, कशाला शिकवायचं. मी तुझ्या पेटीतल्या जुन्या वह्या काढल्या. पाचवीची, सहावीची, सातवीची. गणितं अर्धीच सोडवलेली, पण जेवढी सोडवलेली तेवढी तू तुझ्याच रीतीनं सोडवली होतीस आणि बराबर होती. मी भारतला म्हटलं की ही बांधाकडची आहे, हिला उपटू नको. तो चिडला, पण दप्तर ठेवून गेला. माझ्या भावाचे मी त्यापायी आजही उपकार मानते.

बाकी तुझं तू ठरव. तुझी काळजी घेणारं माणूस इथं बसलेलं आहे हे ध्यानात असू दे.

तुझी,
आत्या

०

पुणे
१८ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

नोकरी पक्की झाली हे बाबांनी तुला सांगितलं, पण नीट कसं झालं ते आज लिहिते. मधे इतके दिवस लिहिलं नाही, कारण गडी मैदानात उतरेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

तीन सालांच्या नोंदी काढल्या. तीन वेगळे संघ, तीन वेगळे प्रशिक्षक, कधी सात मिनिटं, कधी अकरा. पण खेळण्याची रीत तीच. मग त्याला पहिल्या जागी लिहिला आणि खाली कारणं. राधेश्याम सरांनी या वेळी तासभर वाचलं. विचारलं की मिनिटं बाजूला ठेवून रीत पाहायची आणि तीन सालांवर घासून बघायची, हे कुठल्या कॉलेजात शिकलीस. मी म्हटलं, सर्जेरावांच्या प्लॉटमधी. ते हसले नाहीत. सगळं विचारून घेतलं आणि तसंच त्या संघाला कळवलं. अहवालाच्या पहिल्या पानावर आभारात तुझं नाव आहे: इंद्रायणीबाई, कपाशीतली भेसळ ओळखणाऱ्या, तीर्थपुरी. प्रत सोबत पाठवते आहे.

संघाने त्याला घेतलं. परवाच्या सामन्यात तो एकतीस मिनिटं खेळला. गुण फक्त आठ, पण त्याच्या सोबत्यांना इतक्या मोकळ्या जागा मिळाल्या की संघ जिंकला. त्याला तुझं नाव कधी कळणार नाही याचं मला वाईट वाटतं. मला कुणी वाचवलं ते मला मात्र आता कळलं. ते दप्तराचं मला माहीतच नव्हतं, आत्या. मी इतकी वर्षं समजत होते की मी हुशार होते म्हणून शिकले. कुणीतरी बसून माझ्या तीन वह्या पाहिल्या म्हणून मी शिकले. याचे आभार कसे मानायचे ते मला येत नाही. दिवाळीला आले नाही, संक्रांतीला नक्की येते आणि तुझ्यासोबत एक ओळ चालते.

मामांना सांग, चेंडू खाली पडतो तो पुन्हा उचलता यावा म्हणून. लेकीवर आहे तीच माया राहू दे.

तुझी,
प्रांजली

०

तीर्थपुरी
२७ नोव्हेंबर २०२४

चि. प्रांजलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कागद पोचला. इंग्रजीत आहे म्हणून कुणाला वाचता येत नाही, पण माझं नाव कुठं आहे ते सगळ्यांना बोट ठेवून दाखवलं. चांगुणाबाईच्या घरी जाऊन तिलाही दाखवलं. तिला आता दिसत नाही, तरी तिनं कागदावरून हात फिरवला आणि म्हणाली की चार ओळी गेल्या त्या वाया न्हाई गेल्या. आभार मला कळतात, तू लिहिलंस तेवढे बस झाले. संक्रांतीला ये. ओळ चालायला तेव्हा कपाशी नसेल, तर नुसती माझ्याजवळ बस.

सगळ्यांचे आशीर्वाद यात आहेत असं समजून पत्र जपून ठेव.

तुझी,
आत्या

ता. क. रविवारी भारत आल्ता. त्याच्या मोबाईलवर आम्ही तुझ्या गड्याचा सगळा खेळ पाहिला. तो जरा पोक काढून पळतो. भारतनं मला खूण करून विचारलं की अक्का, कसा वाटला. मी त्याला म्हटलं, मी याला उपटलं नसतं. भारतनं मोबाईल खिशात टाकला. मंग तुझ्या त्या तीन वह्या कुठं आहेत म्हणून विचारू लागला. त्याला दिल्या. घेऊन गेला.