वाकून हरलेला पैलवान

आदरणीय त्सुरुएताईस,

धाकट्या गेन्पेईचा, कपाळ चटईला टेकेल इतका नमस्कार. (ही चटई लक्षात ठेव, पुढे कामाला येणार आहे.) तुमच्याकडे एव्हाना पर्सिमॉनची फळं सोलून वाळायला वळचणीला टांगली असतील. गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला? आणि तुझं शिलाईचं मशीन? (सहज विचारलं.)

आमच्या बाजारगल्लीत दरवर्षी हौशी मंडळींच्या रोबोंची सुमो कुस्ती लागते, हे तुला ठाऊकच आहे. रोबो घरीच बनवायचा. रिंगणाबाहेर गेला किंवा आडवा पडला की हरला. यंदा पहिलं बक्षीस होतं गरम पाण्याच्या झऱ्यांवर दोघांची सहल, दुसरं सोया सॉसची बाटली. लग्न झाल्यापासून मी किनुएला झऱ्यांवर नेतो म्हणतोय, पण चष्म्याचं दुकान मला सोडत नाही. (किनुएच्या मते गिऱ्हाइकांनी सोडलंय, मीच तेवढा चिकटून आहे.) तेव्हा या खेपेला जिंकायचंच अशी मी शपथ घेतली. तिने शपथेवर विश्वास ठेवून बॅग भरली आणि सबंध गल्लीला सांगून टाकलं. आता हरणं म्हणजे बायकोला शेजारणींच्या देखत बॅग रिकामी करायला लावणं.

माझ्या रोबोचं नाव ‘कडा’. नावाप्रमाणेच उभा, कुणाला न बधणारा. अंतिम फेरीत समोर आली दातांचे डॉक्टर ओनिझुका यांची ‘अक्कलदाढ’. कुस्तीआधी दोघांनी एकमेकांना लवून नमस्कार करायचा, हा नियम. आता नुसतं मुंडकं हलवणं बरं दिसतं का? डॉक्टर वयाने वडील, त्यात माझे उरलेसुरले गिऱ्हाईक. म्हणून मी कड्याला शिकवून ठेवलं होतं की समोरच्याने मान वर केल्याशिवाय आपण करायची नाही, आणि तो वाकेल त्याहून बोटभर जास्तच वाकायचं. मला काय ठाऊक, डॉक्टरांनीही यजमान गल्लीतल्या दुकानदाराचा मान म्हणून दाढेला नेमकं हेच शिकवलंय!

कडा वाकला. दाढ वाकली. कडा आणखी वाकला. पंच म्हणजे आमचा मासळीवाला मागोरोकु. तो कुस्तीला सुरुवात करून द्यायचा पंखा उगारून तसाच ताटकळला, कारण नमस्कार चालू असताना मध्ये तोंड घालणार कोण? पुढल्या रांगेतल्या म्हाताऱ्या तर अवघडून स्वतःच वाकू लागल्या. मागून कुणीतरी ओरडलं, “अरे, कुस्ती आहे की मयत?” किनुए दात-ओठ खाऊन कुजबुजली, “अहो, आवरा त्याला! तुम्ही तरी माझ्या आईला कधी एवढे वाकला होतात का?” तेवढ्यात कड्याचं कपाळ चटईला टेकलं. तरी बोटभर आणखी वाकायचं होतंच. त्याने कोलांटी खाल्ली आणि तो रिंगणाबाहेर गेला. दाढ जिंकली. बक्षीस घेतानाही ती वाकलेलीच होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर सपत्नीक दारात. हातात सहलीचं पाकीट. “गेन्पेईसान, तुमचा जास्त वाकला. खरा मान तुमचाच.” मी म्हटलं, “छे छे, डॉक्टर, भलतंच काय!” त्यांनी पाकीट चटईवर ठेवून माझ्याकडे सरकवलं आणि वाकले. मी परत सरकवून त्यांच्याहून खाली वाकलो. ते आणखी खाली गेले. दोघांचीही कपाळं चटईला लागल्यामुळे पाकीट कुणी उचललं ते दिसलं नाही. आम्ही (सावधगिरी म्हणून एकदमच) माना वर केल्या तेव्हा किनुएची बॅग जागेवर नव्हती, आणि रस्त्यावरून डॉक्टरीणबाई ओरडत होत्या, “किनुएने मुळा शिजवून ठेवलाय, दोघांनी वाटून खा!”

ताई, बॅग शेवटी झऱ्यांवर पोचली, पण नेली मी नाही. हे मला लागलंय. पुढल्या वर्षी मी पुन्हा उतरणार. नमस्कार काढून टाकणार नाही, तेवढा मी घसरलेलो नाही. वाकूनच जिंकेन, पण जिंकेन, आणि किनुएला माझ्या हाताने नेईन.

तुझा,
गेन्पेई

ता. क. : त्यासाठी कड्याच्या कंबरेला दणकट मोटर हवी. तुझ्या शिलाई मशीनची अगदी बरोबर बसेल. नाहीतरी तुझा गुडघा दुखतो, मशीनचं पेडल कशाला दाबतेस?

ता. क. : मुळा खायला डॉक्टर इथेच बसलेत, म्हणून हे हाताने झाकून लिहितोय. तेही पलीकडे बसून स्वतःच्या बहिणीला काहीतरी झाकून लिहिताहेत. मगाशी सहज विचारत होते, शिलाई मशीनची मोटर पोस्टाने येते का. मी म्हटलं, मुळीच येत नाही. तू पोस्टानेच पाठव.