एका वेळी एकच चमचा

मी, चन्नबसम्मा भ्र. ईश्वरअप्पा मिटकरी, राहणार जिंतूर, जिल्हा परभणी, वय अंदाजे सत्त्याहत्तर (जन्माची नोंद नाही; पोलीस ॲक्शन झाली तेव्हा मी रांगत होते, त्यावरून काय ते समजावे), काम घरकाम व टाकीकाम, आज कोणाच्या धाकात नसताना, राजीखुशीने, आपल्या मागे काय कोणाचे ते सांगते आणि तात्याराव लेखनिक ते लिहून घेतात. मला अक्षर येत नाही. म्हणून प्रत्येक कलम त्यांनी मला दोनदा वाचून दाखवावे असे ठरले आहे. पहिल्याच वाचनात त्यांनी माझ्या "टाकी"ला "मत्स्यालय" केलेले मी पकडले आणि खोडायला लावले. डोके ठिकाणावर असल्याचा हा एक पुरावा. दुसरा असा की डॉ. निकिता यांनी मला आज वार कोणता म्हणून विचारले. मी म्हणाले, "मंगळवार, पाणी बदलायचा." तेवढ्यावर त्यांनी कागद दिला. तो सोबत जोडला आहे.

माझा मुलगा राजेश्वर खाली स्कूटरवर बसला आहे. मी पेन्शनसाठी हयातीचा दाखला काढायला आले असे त्याला वाटते. तसा तो काही फार चुकलेला नाही.

या मृत्युपत्राचे कारण एकच आहे. गेल्या आठवड्यात राजेश्वर सुताराला घेऊन मधल्या खोलीत आला आणि टेप लावून भिंत मोजली. मी विचारले, "कशाला मोजायलास रे?" तर म्हणाला, "काही न्हाई आई, आसंच." आसंच कोणी सुताराला घरी आणत नाही. मी गेल्यावर टाकी मोडायची आणि त्या खोलीत दुकानातली युरियाची पोती रचायची, हे मला न सांगताच कळले. ते होऊ नये म्हणून पुढील कलमे.

१. घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. माझे मालक, कै. ईश्वरअप्पा, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. चाळीस वर्षे दुसऱ्यांच्या लेकरांना बाराखडी शिकवली. मला "रिटायर झाल्यावर शिकवतो" म्हणाले, आणि रिटायर झाल्यावर पेपर वाचत बसले. शेवटी शरम वाटून घर माझ्या नावे केले. त्या घराचा पुढचा भाग, म्हणजे खताचे दुकान, राजेश्वरला देते. मागचे स्वयंपाकघर व दोन खोल्या राजेश्वर आणि सून राजेश्री या दोघांना सामाईक. राजेश्वरला एकट्याला नाही. राजेश्रीने तिथे तीस वर्षे घालवली आहेत.

२. मधली खोली, त्यातली चार फुटी समुद्राच्या पाण्याची टाकी, त्यातले दोन मासे, सगळे मऊ प्रवाळ, दगड, पंप, फेस काढणारे यंत्र, दाण्यांचा नळा आणि इन्व्हर्टर हे सर्व माझी नात ईश्वरी राजेश्वर मिटकरी हिला देते. टाकी तिनेच आणली. कायद्याने बंदी असलेले दगडी प्रवाळ यात नाही, मासे हॅचरीत जन्मलेले आहेत, पावत्या बिस्किटाच्या डब्यात आहेत. कोणी चौकशीला आले तर डबा दाखवावा आणि चहा पाजावा.

जिंतूरला समुद्र कुठला, असे सगळ्यांनीच विचारून झाले. लिंगायताच्या घरात मासे म्हणून तर माझी पेडगावची नणंद पार्वतीबाई हिने दोन वर्षे आमच्या घरचे पाणी घेतले नाही. तिला वाटले, आम्ही मोठे करून खाणार. तिला मी टाकीसमोरची वेताची खुर्ची देते. तिने येऊन एकदा तासभर बसावे आणि मग बोलावे.

३. आता दाण्यांविषयी, कारण पुढची सगळी तकरार त्यावरच आहे. माशांना खायला घातले की त्यांची घाण होते, ती पाण्यात मुरते. ईश्वरी तिला नायट्रेट आणि फॉस्फेट म्हणते. मी तिला खत म्हणते, आणि ती म्हणाली, "आज्जी, तू बरोबर म्हणतीस." शेतात खत चांगले, टाकीत वाईट. दगडावर हिरवे शेवाळ चढते आणि प्रवाळ गुदमरतात. त्यावर उपाय म्हणून ईश्वरीने नळा बसवला. उभा, पारदर्शक. त्यात पांढरे दाणे, खालून पाणी जाते आणि दाणे हळूहळू उकळत्या भातासारखे वरखाली होतात. दाण्यांवर डोळ्यांना न दिसणारे जंतू धरतात. हे जंतू दाणे खातात आणि त्यासोबत पाण्यातले खतही खाऊन टाकतात. मग ते जंतू सुटून पाण्यात येतात आणि गुऱ्हाळात रसावरची मळी काढावी तसे फेसाच्या यंत्रातून बाहेर पडतात. म्हणून नळ्याचे तोंड नेहमी त्या यंत्राजवळ ठेवावे.

ते दाणे हुबेहूब साबुदाण्यासारखे दिसतात. पहिली पिशवी आली ती शिवरात्रीच्या आदल्या दिवशी, आणि राजेश्रीने त्यातले वाटीभर खिचडीसाठी भिजत घातले. सकाळी बघते तर फुगलेच नाहीत. बिचारी दुकानदाराला शिव्या द्यायला निघाली होती. ईश्वरी हसून हसून खाली बसली आणि म्हणाली, "मम्मी, हे तसंबी एक दिवस भिजवूनच टाकायचं असतंय." टाकीची पहिली सेवा अशी राजेश्रीच्या हातून झाली. म्हणून माझे चांदीचे गोठ आणि दाणे ठेवायचा पितळी डबा राजेश्रीला.

४. त्यानंतर आठच दिवसांनी ईश्वरी नोकरीला केरळात गेली. "दोन महिन्यांत टाकी नेते," म्हणाली. तीन वर्षे उलटून गेली. जाताना मला शिकवून गेली: दर मंगळवारी एक चमचा, जास्त नाही. पाण्यात औषधाचे थेंब टाकून रंग बघायचा. फिक्या कण्हेरीइतका गुलाबी असला तर ठीक, कुंकवाच्या पाण्याइतका गडद झाला तर बिघडले. याला अक्षर लागत नाही. मी सुतळी घेतली आणि प्रत्येक चमच्याला एक गाठ मारली.

लाईट जाऊन, इन्व्हर्टरही उतरून नळ्यातले पाणी थांबले तर आत वास धरतो आणि तो टाकीत गेला तर मासे मरतात. ईश्वरी म्हणाली, सडक्या अंड्यासारखा वास येतो. आमच्या सात पिढ्यांत घरात अंडे आलेले नाही, मला तो वास कसा कळावा? शेवटी तिला सांगावे लागले, "आज्जी, तुंबलेली गटार." ते कळले. तर, लाईट आल्यावर आधी नळ्यातले पाणी बादलीत ओतून फेकायचे, मगच पंप जोडायचा. हे माझ्यानंतर सांभाळणाऱ्याने विसरू नये.

५. माझे इष्टलिंग माझ्यासोबत जाईल. मला आपल्या रीतीने बसवून, विभूती लावून मातीत ठेवावे. त्या दिवशी चूल बंद ठेवली तरी चालेल, पंप बंद ठेवू नये. आपल्यात सुतक पाळत नाहीत, त्यामुळे तेही निमित्त सांगता येणार नाही.

६. हे कलम लिहिताना तात्यारावांनी दोनदा विचारले, "आज्जी, लिहू का?" लिहा.

ईश्वरी गेली त्याच वर्षी मे महिन्यात मी चुडाव्याला भाचीच्या लग्नाला तीन दिवस गेले. परत आले तर टाकी दुधासारखी पांढरी, मासे वर येऊन तोंड उघडे टाकून श्वास घेत होते, प्रवाळ मिटून फिके पडलेले. टोपलीएवढे वाढलेले चामड्यासारखे प्रवाळ माझ्या हातात गळून आले. घरात सगळे म्हणाले, आईला वाचता येत नाही, जाताना अख्खी पिशवी ओतून गेली. राजेश्वरने ईश्वरीला फोनवर तेच सांगितले. ती पोरगी मला म्हणाली, "आज्जी, पिशवीवरचं तुला वाचता येत न्हाई, ध्यानात यायला पायजे होतं. माझीच चूक." ती समजूतदारपणे म्हणाली, म्हणूनच जास्त लागले.

माझ्या सुतळीला नऊ गाठी होत्या. नऊ चमचे. नळा मात्र गळ्यापर्यंत भरलेला. आणि रिकामी पिशवी मला दुकानात सापडली, युरियाच्या पोत्याची घडी घालतात तशी, कोपरा आत खोचून. या घरात तशी घडी एकच माणूस घालतो. राजेश्वरने खतवाल्याच्या हिशोबाने विचार केला: चमच्याने एवढे काम होते तर पिशवीने किती होईल. कपाशीला तो असेच सांगतो. टाकीला उलटे झाले. जंतू एकदम माजले, पाण्यातली हवा खाऊन बसले, आणि प्रवाळांना जे थोडे खत जगायला लागते तेही उरले नाही.

त्या आठवड्यात तो दोन वेळा ताटावरून उठला. मी काही बोलले नाही. एका घरात दोघांनी मान खाली घालून कशाला फिरायचे? पण साडेतीन वर्षे मी "वाचता न येणारी आज्जी" म्हणून ऐकून घेतले आहे. तेव्हा हे कलम ईश्वरीने टाकीसमोर उभे राहून, सर्वांदेखत, मोठ्याने वाचावे. राजेश्वरने त्याआधी स्वतः तिला सांगितले असेल तर वाचू नये.

मी दाणे काढले, तीन महिने थांबले, पुन्हा एका चमच्यापासून सुरू केले. बारा आठवडे बारा चमचे, मग महिन्याला एक. आज सुतळीला सत्तावन्न गाठी आहेत. चामड्याचे प्रवाळ गेले ते गेले, पण बटणांसारख्या प्रवाळांची जी फुले मेली म्हणून सगळ्यांनी सोडली होती त्यांनी आता मागची सगळी भिंत धरली आहे.

७. पोस्टातली माझी ठेव ईश्वरीच्या नावे, फक्त मीठ, दाणे आणि बॅटरीसाठी.

८. ईश्वरी येईपर्यंत टाकी सांभाळायचा अधिकार मी समोरच्या बॅटरीच्या दुकानातल्या परमेश्वरला देते. तो आपल्यातला नाही, नात्यातला नाही, पण गेल्या वर्षी माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनला मी टाकी त्याच्यावर सोपवून परभणीला तीन दिवस होते, लाईट दोनदा गेली, आणि आले तेव्हा टाकी आरशासारखी होती.

अंगठ्याआधी वाढवलेले कलम.

वरील आठ कलमे वाचून झाल्यावर साक्षीदार परमेश्वर सही करायला वाकला आणि थांबला. म्हणाला, "मावशी, आठव्या कलमावर माझ्याच्यानं सही होणार न्हाई. त्या तीन दिवसांत मी तुमच्या घरी आलोच न्हवतो. राजेश्वरभाऊ माझ्याकडं येऊन विचारून जायचे. लाईट आल्यावर पहिल्यांदा काय, मग काय. नळ्यातलं पाणी त्येनीच फेकलं, दोन्ही वेळा. मला म्हणले, आईला सांगू नकोस, हातच लावू द्यायची न्हाई."

मी तात्यारावांना पेन खाली ठेवायला सांगितले आणि राजेश्वरला वर बोलावले. विचारले, "सुताराला घेऊन भिंत कशाला मोजलीस?"

म्हणाला, "टाकीच्या खालचं लाकूड फुगलंय आई. तुला दिसंना आता. लोखंडी स्टँड करायलोय. तुला सांगितलं आसतं तर तू म्हणली आसतीस, हात लावू नको."

तसेच म्हणाले असते, हे कबूल.

म्हणून कलम आठ रद्द. ईश्वरी येईपर्यंत टाकी राजेश्वरने सांभाळावी. जास्त म्हणजे काय हे या घरात त्याच्याइतके कोणाला माहीत नाही. सुतळी त्याच्याकडे द्यावी. अठ्ठावन्नावी गाठ त्याने मारावी, महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, एका चमच्याला एक.

त्याने विचारले, "आई, सहाव्या कलमात काय हाय? तात्याराव पान झाकायलेत." मी म्हणाले, ईश्वरीला फोन लाव, तिलाच सांग. तो जिन्यात जाऊन बोलत आहे. काय बोलतो ते इथे ऐकू येत नाही. कलम सहा खोडू नये.

हे सर्व मला पुन्हा दोनदा वाचून दाखवले, मी सांगितले तेच लिहिले आहे, याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

डाव्या हाताचा अंगठा: चन्नबसम्मा भ्र. ईश्वरअप्पा मिटकरी
(मिठाच्या पाण्याने बोटाची रेघ झिजल्यामुळे अंगठा तीनदा घ्यावा लागला. तिसरा खरा समजावा.)

साक्षीदार:
१. परमेश्वर, बॅटरी व इन्व्हर्टर दुरुस्ती, जिंतूर
२. डॉ. निकिता, जिंतूर

लेखनिक: तात्याराव

ठिकाण: जिंतूर
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

सोबत: डॉक्टरांचा कागद एक. सुतळी एक, गाठी सत्तावन्न.