पिवळी काच

शनिवार, ८ नोव्हेंबर

मले कावीळ झाली नाही. तरी रंजितानं काम्पुटरवर माझा फोटो दाखवला तर तोंड पिवळं, दात पिवळे, डोक्याचे पांढरे केस तेही पिवळे. असा फोटो कायले काढायचा?

"दादी, फोटोच पिवळा आला असन. थांब, निळा रंग वाढवते." तिनं काय काय दाबलं, मंग तोंड माणसासारखं झालं. तांड्यातल्या हरिसिंगच्या पोराच्या लग्नाच्या ब्यानरचे फोटोही तसेच पिवळे आलते म्हणे. तेही असेच सुधरवून कालच दारव्ह्याले पाठवले.

नात माझी. बी.ए. झाली अन् समोरच्या खोलीत बसून पत्रिका, ब्यानर बनवते. बनवायचं इथं, छापायचं दारव्ह्याले. तिचा बाप, माझा पोरगा राजकुमार म्हणते, पुरे झालं, आता लग्न. वणीचं स्थळ मीच आणलं. पोरगा कोळशाच्या खाणीत पक्क्या नोकरीवर. कोण नाही म्हणन?

सोमवार, १० नोव्हेंबर

हरिसिंगचं ब्यानर आलं. नवरदेव निळा. नवरदेवाचा बाप निळा, मामा तर पार जांभळा. तांड्याच्या तोंडाशीच बांधलं होतं, सगळ्यायनं पाह्यलं.

हरिसिंग अंगणात उभा. "बसंतीबाई, माह्या पोराले घोड्यावर बसवायचं हाये का तळ्यातून काढायचं हाये?"

मले हसू आलं. पदरात दाबलं.

रंजिता हसली नाही, रडलीही नाही. म्हणे, "काका, फोटो चांगले होते. काम्पुटरची काचच पिवळी दाखवून राह्यली, म्हणून मी निळा वाढवत गेली. चूक माझी. लग्नाच्या आत दुसरं देते."

राजकुमारले हेच पाह्यजे होतं. "याडी, पाह्यलं ना? वणीवाल्यायले रविवारी बोलाव. हे डबडं मी विकून टाकतो."

बोलावते म्हणलं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

पोट्टी दिवसभर त्या डबड्याच्या मांगं. काचेखालच्या बटना दाबल्या — उजेड कमी, उजेड जास्त. पिवळं ते पिवळंच. आतमंधी डोळ्यायले त्रास होऊ नये म्हणून रात्रीचा पिवळा उजेड असते म्हणे. तो पाह्यला तर बंदच होता. सगळं बंद करून चालू केलं. तेच.

मंग माझा पहिलाच, न सुधरवलेला फोटो उघडून काचेवर जे दिसते त्याचा काम्पुटरनंच फोटो काढला अन् मोबाइलवर घेऊन पाह्यला. तिथं माझे केस पांढरे.

"म्हणजे काम्पुटर चांगला हाये, दादी. काम्पुटर अन् काच याच्या मधात कुठंतरी निळा रंग सांडून राह्यला."

सांडला असन तर पुस, म्हणलं. तेव्हा कुठं हसली.

दुपारी जेवली नाही. मी बोलावलं नाही. भूक लागली की येते माणूस.

बुधवार, १२ नोव्हेंबर

सापडलं.

काम्पुटरातून काचेकडं जाणारी तार तिनं मांगून उपसली. तारेच्या टोकाले बारीक सुया असतात. तांबड्याची एक, हिरव्याची एक, निळ्याची एक, अजून कायच्या कायच्या. त्याच्यात हळद वाळलेली. कुंकूही. एक सुई हिरवी पडून झिजलेली, तार उपसताच तुटली — नेमकी निळ्याची.

ती माझ्याकडं पाहत राह्यली. मी दाराकडं.

दसऱ्याले घरातल्या सगळ्या अवजाराची पूजा मी करते. विहिरीच्या मोटरीले जिथून पाणी येते तिथं हळदकुंकू लावतो आम्ही. काचेत रंग मांगच्या तारेतून येते असं तिनंच सांगतलं होतं. मंग मी तिथं लावलं. कोरडं टिकत नाही म्हणून कालवून, फटीत बोट घालून, चांगलं भरून. लावू नको असं कोणी म्हणलं होतं का मले?

तेवढ्यात राजकुमार आला. "सापडलं काय?"

"तार खराब झाली, बाबा. माह्याच हातानं ओढल्या गेली असन. सुई तुटली."

"म्हणजे तुह्याच हातचं."

"हो. माह्याच."

अन् बोलता बोलता ते टोक ओढणीनं पुसून टाकलं. खोटं बोलते तर डोळा लवत नाही पोट्टीचा. कोणावर गेली काय माहीत.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

जवळच्या बोरी अरबले तार भेटली नाही. दारव्ह्याले एसटीनं जाऊन घेऊन आली. लावली. माझे केस पांढरे.

नवीन ब्यानर लागलं. नवरदेव सावळा, जसा हाये तसा. हरिसिंगची बायको हंसाबाई म्हणे, "जरासा गोरा करून दिला असता, बाई."

"काकू, रंगाच्या भानगडीत मी आता नाही पडत."

हंसाबाई हसली, अन् जाता जाता आपल्या भावाच्या घरची पत्रिकाही हिलेच सांगून गेली.

राजकुमारले सांगतलं, काम चालू झालं पोरीचं. तर म्हणे, "रविवार म्हणजे रविवार."

रविवार, १६ नोव्हेंबर

वणीवाले आले अन् गेले. पोरगा बरा हाये, मान खाली. सगळं त्याची मायच बोलते. म्हणे, "पोरगी पसंत हाये. पण आमच्या घरची सून काम्पुटरवर बसणार नाही. गिऱ्हाईक घरात येते, ते आमच्यात चालत नाही. ते आधी काढा."

राजकुमार म्हणे, "काढलंच समजा." पोरीले विचारलं नाही. मलेही नाही.

रंजितानं चहाचे कप उचलले अन् आत गेली. मी मांगं गेली तर काचेवर चादर टाकून राह्यली होती. चारही कोपरे नीट खोचून, मेल्या माणसावर टाकतात तशी.

सोमवार, १७ नोव्हेंबर

राजकुमार वावरात गेल्यावर वणीचा फोन आला. तारीख धरायची म्हणे. मीच उचलला. स्थळ मी आणलं होतं, मीच वापस केलं.

आता संध्याकाळी तो बोंबलत येईन. रंजितानं तोंड उघडायचं नाही, आपलं काम करत बसायचं. जे विचारायचं ते त्यानं मले विचारायचं.