करडी दोरी

नवी पेठ, सोलापूर
२ जानेवारी २०२६

ती. मल्लूमामांस,
पूनमचा वाकून नमस्कार, आणि आधी बातमी.

माझा फोटो निवडला गेला. जिल्ह्याच्या छायाचित्र स्पर्धेत चारशे बारा फोटो आले होते, त्यांतले पंधरा अंतिम फेरीत गेले आणि त्यांत एक तुमच्या भाचीचा आहे. फोनवर तुम्हाला धड ऐकू येत नाही आणि मला धीर धरवत नाही, म्हणून स्टुडिओतच गिऱ्हाईक नसताना लिहायला बसले. पौष लागल्यापासून लग्नाच्या ऑर्डरी बंद आहेत, त्यामुळे आमचे इंद्रजीतसरही मोकळेच. त्यांनी शेजारच्या दोन कापडदुकानांत पेढे वाटले.

सोबत प्रत पाठवते आहे. वळसंगला आपल्या शिवारात बिरुदेव धनगराचा मेंढ्यांचा कळप बसला होता, त्या सकाळचा हा फोटो. लोकर कातरायची होती. कातरणीआधी बिरुदेवच्या बायकोनं, मायाक्कानं, पहिल्या मेंढीच्या पाठीवर भंडारा उधळला. मामा, तुम्ही बघाच. मेंढ्या करड्या, माती करडी, तिच्या अंगावरचं घोंगडं करडं, धुक्यानं आभाळही तसंच. आणि मधोमध तो पिवळा भंडारा, तिच्या हातांवर, कपाळावर, हवेत. मी बटण दाबलं तेव्हाच मला कळलं होतं.

गंमत अशी की परीक्षकांना शंका आली आहे. बाकीच्या चित्राचा रंग मी संगणकावर काढून टाकला आणि पिवळा तेवढा ठेवला, असं त्यांना वाटतंय. नियमात तसं चालत नाही. सगळा फोटो कृष्णधवल केला तर चालतो, उजेड थोडा कमीजास्त केला तरी चालतो, पण एखाद्याच भागाचा रंग घालवायचा नाही. म्हणून त्यांनी बारा तारखेपर्यंत कॅमेऱ्यातली मूळ फाइल मागवली आहे. तो करडेपणा देवानं दिलेला आहे, मी नाही, हे त्यांना दिसेलच.

आई म्हणते, कानाचं यंत्र कपाटात ठेवून ऐकू येत नसतं, हे मामाला कळव. कळवलं.

मामींना नमस्कार. उत्तर लगेच धाडा, माया तर आहेच.
आपली,
पूनम


श्रीपूर
६ जानेवारी २०२६

चि. पूनम हिस,
मामाचे पोटभर आशीर्वाद.

फोटो आला. मी तो दोन दिवस जेवतानाही समोर ठेवला, तुझी मामी वैतागली. मग तिनं हातात घेतला आणि तिचाही भात गार झाला. पोरी, तीस वर्षं मी साखर कारखान्याच्या गेटासमोर स्टुडिओ चालवला, पण असा एक फोटो माझ्या हातून निघाला नाही. हे कौतुक म्हणून नव्हे, आहे ते लिहितो.

आता एक विचारतो. उजव्या कोपऱ्यात खुंटीला दोरी बांधली आहे. ती प्लास्टिकची आहे, पीळ स्पष्ट दिसतो. हल्ली धनगरांच्या वाघुरीच्या जाळीला, खुंट्याला जिथं तिथं निळी नाहीतर हिरवी दोरी असते. करडी प्लास्टिकची दोरी मी आजवर कुठल्या दुकानात पाहिली नाही. ही करडी कशी?

चूक असेल तर मला रागाव. नसेल तर पुढचं वाच.

ऊसतोडीला आलेली सोजरबाई म्हणून एक बाई माझ्याकडे फोटो काढायला आली होती. गावी भावाला पाठवायचा होता. तिच्या गालावर भाजल्याचा मोठा डाग होता. मी तिला न विचारता निगेटिव्हवर पेन्सिल फिरवली आणि डाग घालवला. मला वाटलं, बाई खूश होईल. तिनं फोटो बघितला, काउंटरवर पालथा ठेवला आणि विचारलं, "ही कोन बाई?" मी दुसरा फोटो काढून दिला.

उगाच साधू बनत नाही. त्यानंतरही शेकडो गिऱ्हाइकांचे डाग मी आनंदानं घालवले, कारण ते मागत होते. इथं मागणाऱ्यानं आधीच सांगून ठेवलंय की घालवू नका.

काय ते तू ठरव. ठरवशील ते मला लिही, वाईट असलं तरी.
तुझा,
मल्लूमामा


सोलापूर
११ जानेवारी २०२६

ती. मामांस,
पूनमचा नमस्कार. हा जरा मान खाली घालून.

दोरी निळीच होती. फोटोत दुसरं काहीच रंगीत नव्हतं आणि ती कोपऱ्यातून डोळ्यांत खुपत होती. मी निळा रंग निवडला आणि शून्यावर नेला. दहा सेकंदांचं काम. नियम मी वाचला होता, पण तो पिवळ्यासारख्या मोठ्या गोष्टींसाठी आहे अशी मी स्वतःची समजूत घातली. तुम्हाला पहिल्या पत्रात लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर ते मलाच वाचावं लागलं असतं.

तुमचं पत्र आलं आणि मला भयंकर राग आला. इंद्रजीतसरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, कार्ड पुसलं गेलं, मूळ फाइल नाही असं कळव, सगळे तेच करतात. एक दिवसभर मी तेच करणार होते. पत्राचा मजकूरसुद्धा मोबाइलवर लिहून ठेवला होता.

पण मग पिवळाही खोटाच ठरला असता, मामा. ती सकाळच खोटी ठरली असती.

काल फाइल घेऊन मी स्वतः गेले. गड्ड्याच्या यात्रेची गर्दी, रिक्षा मिळेना, निम्मी वाट चालले. संयोजक अक्कम्मा मॅडमना उभ्या उभ्याच सांगून टाकलं. त्यांनी दोन परीक्षकांना बोलावून फाइल मोठ्या पडद्यावर उघडली. त्यांतले म्हातारे परीक्षक पडद्याच्या इतके जवळ गेले की चष्मा टेकला असता. म्हणाले, दोरी सोडली तर या मुलीनं रंग काढलेलाच नाही, सकाळच अशी होती. त्या दोघांत आठवडाभर पैज लागली होती म्हणे.

मग मॅडमनी नियम वाचून दाखवला आणि माझं नाव यादीतून काढलं. काढताना एवढंच विचारलं, "दोरी राहिली असती तर काय बिघडलं असतं गं?" निघताना त्यांनी त्या सकाळचे बाकीचे फोटो मागितले. तेहतीस होते, सगळे पाहिले आणि म्हणाल्या की एका फोटोवर थांबू नकोस, पुढच्या वर्षी फोटोमालेचा विभाग आहे.

आज वळसंगला जाऊन मायाक्काला सांगितलं की तुझा फोटो बाद झाला, चूक माझी. तिला स्पर्धेचं काही वाटलं नाही. कळप शनिवारी मंद्रूपच्या बाजूला निघतोय, त्याच गडबडीत होती. गाठोडं बांधता बांधता म्हणाली, "मग चल की आमच्यासंगं. एका सकाळीत काय दिसतंय तुला?"

मामा, मी जाते आहे. पौष संपला तरी लग्नाचे मुहूर्त फेब्रुवारीपर्यंत नाहीत, पुढचं बघू. सरांनी पंधरा दिवसांची सुट्टी दिली, कुरकुरत का होईना. आई बोलत नाहीये, पण बाजरीच्या भाकरी वाळवायला घातल्यात. मला झोप येत नाही आनंदानं. नाव गेलं त्याचं वाईट वाटायला हवं, ते वाटतंही, पण मधूनच विसरायला होतं.

रागावला असाल तर रागवा, पण माझ्यावरची मायेची पाखर काढू नका.
आपली,
पूनम


श्रीपूर
१४ जानेवारी २०२६, संक्रांत

चि. पूनम हिस,
मामा-मामीचे आशीर्वाद आणि तीळगूळ. डबा सोबत आहे, वाटेत संपवू नकोस.

पोस्टानं हे शनिवारच्या आत पोचायचं नाही, म्हणून एसटीच्या प्रभु ड्रायव्हरच्या हाती देतो आहे. स्टँडवरून घ्यायचं ते मामी तुला फोनवर सांगेल.

रागावलो नाही. तुझं पत्र मामीला मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि म्हातारे परीक्षक पडद्याजवळ गेले तो भाग आपणहून दोनदा वाचला. तिनं पुन्हा वाचायला लावलं.

आता कामाचं. बॅटऱ्या तीन तरी ने, रानात चार्जिंग कुठलं. मेंढ्यांची धूळ बारीक असते, लेन्सवर फुंकर मारू नकोस, मऊ ब्रश वापर. पहिले दोन दिवस कॅमेरा बाहेर काढूच नकोस, नुसती चाल. कोकरं उचलायला सांगतील, उचल. तिसऱ्या दिवशी ते तुझ्याकडे बघायचे थांबतील.

आणि एक सांगायचं आहे. तीस वर्षं माणसं माझ्याकडे आली, मी त्यांच्याकडे कधी गेलो नाही. माझ्या स्टुडिओत मागे डोंगर आणि धबधब्याचा पडदा होता. ज्यांनी आयुष्यभर ऊस सोडून काही पाहिलं नाही, त्या सगळ्यांना मी त्या धबधब्यापुढे बसवलं. त्यांचं रान कसं दिसतं ते मला माहीत नाही. आता अडुसष्टाव्या वर्षी बघावंसं वाटतंय.

तेव्हा पुढच्या बुधवारी मी निघतो. सोलापूरहून मंद्रूपची गाडी धरेन. गाव विचारू नकोस, ठरलेलं नाही. कंडक्टरला सांगून ठेवीन की जिथं मेंढ्या दिसतील तिथं मला उतरव. मायाक्काला म्हणावं, एक म्हातारा येतोय, चालायला थोडा हळू आहे. कॅमेरा आणत नाही. तू काढशील तेव्हा शेजारी उभा राहीन.

भेटीपर्यंत जीव सांभाळ, आणि आमच्यावरचा जीवही.
तुझा,
मल्लूमामा