डाळ करपली नाही

सुमैरा बेटा,

मसूरची डाळ करून झाकून ठेवली आहे. आज करपली नाही. शेगडीवर लिहिलेल्या ‘सिमर’चा अर्थ शेजारच्या मास्तरांनी सांगितला, जोरात उकळू न देता मंद आचेवर शिजवणं. म्हणाले, “महमूदभाई, वाक्यात वापरा.” मी म्हणालो, “आय सिमर द डाळ.” ते म्हणाले, “वाक्य बरोबर, आता डाळ दाखवा!”

तुझी अम्मी रोज हेच करायची. मला वाटायचं, उगाच वेळ लावते.

अब्बांना कोण जेवू घालणार, म्हणून तू नोकरी देणाऱ्या कर्जतच्या शाळेला अजून उत्तर दिलं नाहीस. चव बघ आणि आजच हो कळव. मी केडगावात पेढे आणायला चाललोय.

मीठ कमी वाटलं, तरी होच कळव.

अब्बा