घोडबर्डीचे तेल वाचवा

घोडबर्डीचा मळा, नाशिक
१२ नोव्हेंबर २००६

प्रिय दादास,

सिंधूचा नमस्कार. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. आम्ही इकडे खुशाल आहोत, तुम्ही सगळे सिन्नरला खुशाल असालच. असालच म्हणायचं, कारण विचारायची सोय नाही. फोन केला की वहिनी म्हणतात, "ते आत्ताच बाहेर गेले," आणि मागून तुझा खोकला ऐकू येतो. अडुळशाचा काढा घे. पत्राला काही बाहेर गेलेत म्हणून सांगता येत नाही, म्हणून हे लिहायला बसले.

याही भाऊबिजेला तू आला नाहीस. भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात, मी भाऊ असून ओवाळलं. तुझे दाजी म्हणाले, "बघ, तोही ढगाआड गेला. तुझे सगळे भाऊ सारखेच." मला हसू आलं आणि रागही आला. अण्णांच्या तेराव्याला आपण एकमेकांना जे बोललो ते बोललो. त्यातलं निम्मं मला आता आठवतही नाही, आणि उरलेलं निम्मं तू विसर.

तू पाठवलेला प्लॉटवाल्यांचा माणूस येऊन गेला. माळ विकायचे कागद ठेवून गेलाय. माझी सही झाली की तुझी, असं म्हणाला. माझ्या सहीच्या जागी पेन्सिलने फुली करून दिलीय, जशी काही मी अंगठेबहाद्दर. चहा पिता पिता त्याने नकाशा दाखवला. आपल्या माळाला चारी बाजूंनी भिंत, मोठं फाटक, आत बंगले, मधे कारंजं. मी विचारलं, "यात वर घोडबर्डीच्या डोंगरावर जायची वाट कुठाय?" एका अंगाला कालवा, दुसऱ्या अंगाला कडा, वर चढायला आपल्या माळाशिवाय दुसरी जागाच नाही, हे तुला सांगायला नको. तो म्हणाला, "ताई, वर जातंय कोण आता?"

कागद फडताळात ठेवलेत. त्याचं मागाहून लिहिते. आधी वर कोण जातं ते ऐक.

दर रविवारी उजाडता उजाडता गंगापूर रोडची मंडळी येतात. जाड दातेरी टायरच्या, गियरच्या सायकली. डोक्यावर टरबुजाच्या फोडीसारखी टोपी. त्यातली तृप्ती म्हणून मुलगी दातांची डॉक्टर आहे, पहिल्यांदा तीच पाणी मागायला आली. मला वाटलं एकदा येतील, ढोपरं फोडून घेतील, परत तोंड दाखवणार नाहीत. ढोपरं फोडून घेतली, पण दुसऱ्या रविवारी दुप्पट आले. आता आपल्या वाडीतली पोरंही त्यांच्यात असतात. पावसाने वाट वाहून जाऊ नये म्हणून सगळ्यांनी मिळून दगडाचे बांध घातलेत. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाची मजुरी नाही. मी ताक देते, थालीपीठं लावते, आणि पोरी अंगणात बसून खातात तेव्हा अण्णांच्या वेळी असायचं तसं घर भरतं.

त्यांनी वरच्या वाटांना नावं दिलीत. सगळ्यात अवघड उताराचं नाव आहे गोरख उतार. मी विचारलं, हे नाव कुणी दिलं? तृप्ती म्हणाली, "गुराखी पोरं म्हणतात तेच आम्ही म्हणतो. त्र्यंबक जवळ आहे ना, नाथपंथी कुणी साधू उतरला असेल." मी म्हटलं, "साधू कसला? माझा भाऊ. अण्णांच्या सायकलला दुधाचा कॅन लावून उतरायचा आणि निम्मं दूध धोंड्यांना पाजायचा." तेव्हापासून पोरं विचारतात, गोरखकाका कधी येणार?

आणि ती डहाळी आठवते का? तू नेहमी पुढे पळायचास. फाटा आला की चुकीच्या वाटेवर निरगुडीची डहाळी आडवी टाकून जायचास, म्हणजे मागून मी चुकू नये. तशी सगळेच गुराखी टाकतात. पण तू दांड्यावर दगड ठेवायचास आणि पानं बरोबर वाटेकडे करायचास. तसं दुसरं कुणी करत नव्हतं. मी कधी चुकले नाही, दादा.

कागदांचं पुढच्या पत्रात.

तुझी
सिंधू


१० डिसेंबर २००६

प्रिय दादास,

नमस्कार. उत्तर आलं नाही. पण परवा फोन केला तर वहिनी आपणहून म्हणाल्या, "काढ्याने बराच फरक आहे," आणि लगेच म्हणाल्या, "ते आत्ताच बाहेर गेले." म्हणजे पत्र पोचलं.

आता इथली गंमत ऐक. खुर्चीत नीट बसून वाच.

प्लॉटवाल्यांनी सही व्हायच्या आधीच जेसीबी आणून माळाच्या तोंडाशी मुरमाचा रस्ता काढला. ते बघून सायकलवाल्या मंडळींनी ठरवलं की गावाला सांगायचं, एक मोठा फलक लावायचा. तृप्तीने कागदावर लिहून दिलं: घोडबर्डीचे ट्रेल वाचवा. ट्रेल म्हणजे त्यांच्या भाषेत डोंगरातली वाट. फलक रंगवायला दिला आपल्या गोटीराम पेंटरकडे. तोच, ज्याने जन्मभर ट्रॅक्टरच्या मागे आईचा आशीर्वाद लिहिला. गोटीरामने कागद उलटासुलटा करून बघितला. ट्रेल असा शब्द काही त्याच्या ब्रशाखालून गेलेला नव्हता. शहरातली पोरगी, घाईत लिहिताना चुकली असेल, असं समजून त्याने मोठ्या मनाने दुरुस्ती केली. वेशीवर फलक लागला: घोडबर्डीचे तेल वाचवा.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं, घोडबर्डीत तेल निघालं.

दादा, तुला काय सांगू. भागीबाई शेळ्या घेऊन आली ती थेट माझ्या ओट्यावर. "सिंधू, म्हनूनच माझ्या शेळ्या वरचं पानी पीत नाय. मला वासच येतो रॉकेलचा." वरच्या म्हसोबापाशी कुणी खड्डा खणला, कुणी बाटलीत चिखल भरून नेला. प्लॉटवाल्यांचा माणूस धावत आला आणि हळूच मला विचारतो, "ताई, पाहणी झाली का सरकारी?" मी म्हटलं, "मला काय ठाऊक, मी अडाणी बाई. मी फक्त पेन्सिलची फुली ओळखते."

ग्रामसभेला कधी नव्हे ती बसायला जागा नव्हती. सरपंच पुंजाराम आप्पा नवा फेटा बांधून आले होते. त्यांनी तेलाचा पैसा गावाबाहेर जाऊ देणार नाही असं भाषण सुरूही केलं. तृप्ती उठून सांगायला लागली की असं नाही, ट्रेल, ट्रेल. तिला कुणी बोलूच देईना. मग मी उठले. पदर खोचला आणि म्हटलं, "आप्पा, तेल नाही. ट्रेल म्हणजे वाट. आपली वर जायची वाट. माळाला भिंत झाली की ती बंद होणार, आणि या पोरी तेच सांगायला आल्यात."

मग मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि सगळी सभा हसत सुटली. गोटीराम तोंड लपवून बाहेर गेला. मला वाटलं आता सगळे उठून जाणार. पण भागीबाई म्हणाली, "मंग माझ्या शेळ्या कुठून जातील?" म्हसोबाचा भगत म्हणाला, "आन् देवाचा नैवेद?" कुणी सरपणाचं काढलं, कुणी करवंदांचं. वाट रोजची होती म्हणून कुणाच्या डोक्यात ती आलीच नव्हती. पुंजाराम आप्पांनी फेटा सारखा केला आणि म्हणाले, "तेल नाय तं नाय. वाट तं हाय." टाळ्या पडल्या. ठराव झाला की वाट चालू राहावी. मग आप्पा मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरी, ठराव केला, पन जमीन तुम्हा बहीनभावाची हाय. गोरख काय म्हनतो?"

मी म्हटलं, विचारून सांगते. आता तुझ्याशी बोलते.

दादा, मी सही करणार नाही. महिनाभर हे वाक्य लिहायचं टाळत होते, म्हणून चंद्र, ताक, थालीपीठं सगळं लिहून झालं. पण तुझ्याशी कोर्टात उभं राहायचं माझ्यात बळ नाही, आणि इच्छा तर त्याहून नाही. तुला सिन्नरला स्वतःचं घर हवंय. कारखान्याच्या खोलीत किती वर्षं काढायची, हेही मला कळतं. तू हावरा नाहीस. तेराव्याला मी तसं म्हणाले ते रागात.

तेव्हा असं कर. खालच्या मळ्यातला माझा हिस्सा तू घे. कालव्याचं पाणी आहे, बागाईत आहे. ठेव नाही तर वीक, तुझं घर होईल. मला नुसता माळ दे. लोक म्हणतील, सिंधूने बागाईत देऊन कुसळं घेतली. म्हणू देत. तुझे दाजी रात्री म्हणाले, "रिक्षा आहे आपली, भागेल. तसंही मळ्यातून येतेस तेव्हा तुझं तोंड एवढंसं असतं, आणि माळावरून आलीस की दोन भाकऱ्या जास्त खातेस."

माळावरून मी कशी येते, हेही सांगायचं राहिलंय. सायकलवरून. हस नाही तर रागाव. तृप्तीने तिची जुनी सायकल मला दिली. पंजाबी ड्रेस घालते, वर ती टरबुजाची फोड. पहिल्या दिवशी निवडुंगात गेले. आता गोरख उतार सोडून सगळीकडे जाते. या वयात पोट दुखेपर्यंत हसायला मिळतं, आणखी काय पाहिजे?

७ जानेवारीला, रविवारी, वर सायकलींची शर्यत आहे. तू येऊन माळ एकदा डोळ्यांनी बघ. मग विकायचाच म्हणालास, तर मी तुझ्याशी भांडणार नाही. तू पुढे, मी मागे, हे लहानपणापासून ठरलेलं आहे.

तुझी धाकटी
सिंधू


८ जानेवारी २००७

प्रिय दादास,

काल तू आला होतास.

नाही म्हणू नकोस. भागीबाईने बघितलं. "पळसामागं कुनी बाप्या उभा व्हता, माकडटोपी घातलेला. लय खोकत व्हता." मी तिला म्हटलं, असेल कुणी पाहुणा. पण तोवर मला माहीत झालं होतं. कसं, ते सांगते.

शर्यतीला सगळं गाव लोटलं. पुंजाराम आप्पांनी झेंडा हलवला. गोटीरामने प्रायश्चित्त म्हणून फुकट फलक रंगवला होता, या वेळी घोडबर्डीची वाट. कुणी दुरुस्ती करू नये म्हणून दिवसभर त्याच्याखालीच बसून होता. बायकांच्या शर्यतीत आम्ही सात जणी. मी सातवी येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून सगळ्यात जास्त आरडाओरडा माझ्यासाठी. तुझे दाजी रिक्षाचा हॉर्न वाजवत होते.

पहिली फेरी झाली. दुसऱ्या फेरीला सगळ्या पुढे निघून गेल्या, मी एकटी. दम लागलेला, डोळ्यांत घाम. माळाच्या तोंडाशी पोचले तर वाट दाखवायला टाकलेला चुना भागीबाईच्या शेळ्यांनी तुडवून पुसून टाकलेला. समोर जेसीबीने काढलेला मुरमाचा रस्ता, सपाट, मऊ. चाक आपोआप तिकडेच वळायला लागलं. आपली जुनी वाट बाजूला गवतात, घामाच्या डोळ्यांना ती दिसेना.

आणि मुरमाच्या रस्त्यावर निरगुडीची डहाळी आडवी पडली होती. पहिल्या फेरीला नव्हती. तोडल्याचा वास अजून ओला होता. दांड्यावर दगड. पानं आपल्या वाटेकडे.

मी सायकल टाकली आणि तिथेच मुरमात बसले. आधी रडले. मग इतकी हसले की म्हसोबाच्या भगताला वाटलं मला चक्कर आली, तो पाणी घेऊन धावत आला. वर तृप्ती शिट्टी वाजवत होती, खाली हॉर्न चालू होता, आणि मी आपली डहाळीपाशी बसलेय. शेवटी उठले, पानांकडे बघून वळले आणि फेरी पुरी केली. सातवीच आले. शर्यतीत नंबर आला नाही आणि एवढा आनंद झाला, अशी बाई घोडबर्डीने पहिल्यांदा बघितली असेल.

दादा, तू काही लिहिलं नाहीस, बोलला नाहीस. पण बंगल्यांच्या रस्त्यावर डहाळी टाकलीस, मला कळलं.

आज सकाळी प्लॉटवाल्यांच्या माणसाला कागद परत दिले. पेन्सिलची फुली आधी खोडली. तो म्हणाला, "भावाला विचारलं का?" मी म्हटलं, "भावाने सांगितलं." त्याने फोन लावून तुला विचारलं असेलच. तू काय म्हणालास हे मला ठाऊक नाही, पण तो दुपारी येऊन मोजणीच्या खुंट्या उपटून घेऊन गेला.

मळ्याचं मी लिहिलंय तेच खरं. त्यात मागे फिरणार नाही. कागदपत्र तलाठ्याकडे जाऊन करू, त्याला मात्र तुला पळसामागून पुढे यावं लागेल. संक्रांतीला ये. वहिनींना आण, पोरांना आण. तीळ भाजून ठेवलेत. पोरांना त्यांच्या बापाचा उतार दाखवू, आणि नाथपंथी साधू नव्हता हे तूच एकदा सगळ्यांना सांगून टाक. तुझ्या मापाची सायकल तृप्तीने बाजूला ठेवलीय. दुधाचा कॅन मी लावते.

वाट पाहते, असं पत्राच्या शेवटी सगळेच लिहितात. मी खरंच रोज पाहते. माळाच्या तोंडापासून वर म्हसोबापर्यंत दिसते ती. डहाळी तशीच आहे, कुणाला हलवू दिली नाही. मला आता वाट पाठ आहे. येताना तू चुकू नयेस, म्हणून ठेवलीय.

तुझ्या मागून येणारी
सिंधू